शब्द आणि भंडारा

माळकोंडीनं मतदानावर घातलेल्या बहिष्कारातून आप्पासाहेबाला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून ठेवू. नाहीतर पुढं कुणीतरी म्हणायचं, म्हातारा नुसताच तत्त्वाला नडला.

पहिली बाब पाण्याची. शहाण्णवच्या त्या उन्हाळ्यात गावाला सरकारी टँकर दिवसाआड यायचा आणि गावविहिरीत रिकामा व्हायचा. बहिष्कार पार पडला की त्यातली एक खेप बौद्धवस्तीच्या विहिरीत पडणार होती. दुसरी बाब सुनेची. खेप दारात पडू लागली, की पोटुशी नीलिमा गावविहिरीच्या काठावर आपली पाळी यायची वाट बघत उन्हात तिष्ठणार नव्हती. तिसरी बाब जरा खासगीतली. ती आप्पासाहेबानं स्वतःजवळसुद्धा कबूल केली नसती. शाळेच्या दाखल्यावर, पलटणीच्या पुस्तकात आणि पेन्शनच्या कागदावर त्याचं नाव आप्पासाहेब असं सबंध होतं. गावात मात्र साठी उलटली तरी तो आप्पाच राहिला होता, आणि जुनी खोडं तर आप्प्या म्हणत. सरपंच नानासो बहिष्काराच्या सभेत चारचौघांदेखत म्हणाला, "आप्पासाहेब, तुमी वस्तीचं बोला," तेव्हा म्हाताऱ्याची पाठ पलटणीत होती तशी ताठ झाली. गावात कुणाला फुकट साहेब म्हणायची नानासोची रीत नव्हती. पण हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

माळकोंडी जतच्या पूर्वेला, अगदी शिवेजवळ. निम्मी माणसं कानडीत भांडतात आणि मराठीत समेट करतात असलं गाव. धनगरांची घरं जास्त, खाली ओढ्यापलीकडं वस्ती. टँकर घरोघर पाणी वाटत नसे. ड्रायव्हर गाडी मागं घेऊन जाडजूड पाइप विहिरीत सोडायचा, पाणी धबाधबा तळाच्या खडकावर पडायचं, आणि काठावरून शेदीडशे दोर एकदम खाली सुटायचे. ज्याचा हात चलाख त्याची घागर भरली. थोड्या वेळानं घागरीत चिखल यायला लागायचा, आणि नेमकी तेव्हाच वस्तीच्या बायकांची पाळी आलेली असायची. त्यांनी मागं थांबावं असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नव्हतं म्हणून ते कुणाला खोडताही येत नव्हतं.

गावाचा राग मात्र खोटा नव्हता. नळपाणी योजनेचा नारळ दर निवडणुकीला फुटत आला होता. योजनेचं पाणी काही आलं नव्हतं, नारळाचं तेवढं आलं होतं. लोकसभेची निवडणूक लागली तशी बिरोबाच्या देवळापुढं सभा भरली आणि ठरलं की यंदा गावातनं एक मत पडू द्यायचं नाही. ठरलं म्हणजे नुसतं हात वर करून नव्हे. पुजारी धुळानं भंडाऱ्याचं ताट आणलं. एकेकानं चिमूटभर हळद उचलायची, कपाळाला लावायची आणि म्हणायचं, मत टाकलं तर देव बघून घेईल.

ताट फिरत फिरत लिंबाखाली उभ्या असलेल्या वस्तीच्या माणसांपाशी आलं आणि थांबलं.

"आमी भंडारा उचलत न्हाई," आप्पासाहेब म्हणाला. "छप्पन सालापास्नं आमच्या घरात देवाची आण न्हाई. आमी शब्द देतो."

"शब्दाला काय धरायचं रं आप्पा?" धुळा म्हणाला. "भंडारा कपाळाला दिसतो तरी. शब्द कुठं लावणार, कानामागं?"

माणसं हसली. नानासोनं हात वर करून हसू थांबवलं. "गप बसा. पलटणीतला माणूस हाय, शब्द मोडायचा न्हाई. आप्पासाहेब, ऐका. बहिष्कार झाला, वस्तीचं एक बी मत पडलं न्हाई, तर पयली खेप तुमच्या हिरीत. हा माझा शब्द."

"शब्दाला शब्द," आप्पासाहेब म्हणाला. बाजारात सौदा झाल्यावर हात मिळवतात तसा त्यानं हात पुढं केला. नानासोनं तो धरलाही. मग हळदीनं भरलेला आपला हात त्यानं धोतराला पुसला. हळदच पुसली असेल.

घरी आल्यावर पहिला अडसर आईचा आला. येसूबाई ऐंशीच्या पुढं गेलेली. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण बावन्न सालापासूनची एकही निवडणूक तिनं चुकवली नव्हती. पाटलीणबाई आणि आपण एकाच रांगेत उभ्या राहतो, आणि पाटलीणबाईच्या चिठ्ठीचं वजन आपल्या चिठ्ठीपेक्षा गुंजभर जास्त भरत नाही, एवढं राजकारण तिला पुरेसं होतं.

"मी मत देणार," ती म्हणाली.

"आये, वस्तीचा शब्द दिलाय. पाणी मिळणार हाय."

"पाणी मत दिल्यानं मिळतंय का न दिल्यानं? पयलं येक ठरवा. गेल्या बारीला म्हणलासा, दिल्यानं मिळतंय."

"सगळ्या गावानं ठरवलंय."

"गावाचं गाव बघंल. मत माजं हाय. माजं मत तू कसं दिऊन आलास रं?"

आप्पासाहेबानं आवाज चढवला. म्हातारी गप्प झाली. गप्प झाली म्हणजे पटलं, असं धरायची पुरुषांची जुनी सवय असते. त्यानं तसं धरलं.

दुसरा अडसर चार दिवसांनी एसटीतून उतरला. नीलिमाचा भाऊ प्रबुद्ध, उंब्रजहून बहिणीला न्यायला आला होता. उंब्रज म्हणजे कृष्णाकाठ. तिकडं नळाला पाणी, उसाच्या सरीत पाणी, म्हशी दिवसभर नदीत बसलेल्या. पहिली मुलगी पायल तिकडंच झाली होती. दुसरं बाळंतपण सासरी करायचं असं ठरलेलं, पण नीलिमाच्या आईचा जीव राहिना. नीलिमाचा नवरा महेंद्र कुपवाडला कारखान्यात होता, पंधरवड्यातून एकदा यायचा. त्यानं पत्र टाकून हो म्हटलं होतं. नीलिमानं पिशवी भरून उंबऱ्याशी ठेवली होती.

आप्पासाहेबानं पिशवीकडं पाहिलं आणि त्याच्या डोक्यात वेगळाच हिशेब सुरू झाला. वस्तीला आपण सांगितलंय, पाणी येतंय, दम धरा. निवडणूक तोंडावर आलीय. अशात आपलीच सून पाणी नाही म्हणून माहेरी गेली, तर वस्तीतली कृष्णातसारखी तिखट जिभेची पोरं काय म्हणतील? आप्पाचा आप्पावर इश्वास न्हाई, म्हणतील. मग एकानं मत टाकलं तरी गेलं सगळं.

"आठ-पंधरा दिसांत टँकर आपल्या हिरीत येतोय," तो प्रबुद्धला म्हणाला. "आता कशाला हलवायची? दिस बी भरत आल्यात. रस्ता बघितलासा न्हवं?"

"आप्पा, रस्ता बघितला म्हणूनच म्हणतो. इथनं दवाखाना किती लांब! वेळेला गाडी मिळंल का?"

"मिळंल की. आमी काय रानात ऱ्हातोय?"

प्रबुद्धनं मान फिरवून आजूबाजूला बघितलं. सगळीकडं रानच होतं. पण पाव्हण्यानं सासरच्या माणसाला किती बोलायचं याला मर्यादा असते. त्यानं चहा घेतला, पायलच्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवला आणि तो परतीच्या गाडीनं गेला. नीलिमा दारात उभी होती. गाडीचा धुरळा बसला, तशी ती आत आली आणि पिशवीतली लुगडी काढून पुन्हा वळकटीवर ठेवू लागली.

मतदानाच्या दिवशी आप्पासाहेबानं चोख बंदोबस्त केला. सकाळपासून वस्तीतली झाडून सगळी मतदार माणसं समाजमंदिरात बसवली. दारात स्वतः बसला. कुणाला लघवीला जायचं तर कृष्णात बरोबर. आत रेडिओ लावलेला, बायका शेंगा फोडत बसलेल्या, आणि कोपऱ्यात येसूबाई. धुवट लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून, जशी काही रांगेत उभी राहायला निघालीय.

ओढ्याच्या वरच्या अंगाला शाळेत पेट्या ठेवल्या होत्या. दुपारपर्यंत तिकडं कावळा फिरकला नाही. साहेब लोक व्हरांड्यात पेंगत होते. बहिष्कार अगदी झकास चालला होता.

तीनच्या सुमारास गावात एक जीप आली. उमेदवाराचा माणूस होता. त्यानं नानासोला बाजूला घेतलं. देवळाला सभामंडप, टँकरची जादा खेप आणि नळयोजनेचा पुन्हा एकदा नारळ, एवढं त्यानं देऊ केलं. नानासोनं विचारलं, "आन् वस्ती?" जीपवाला हसला. वस्तीची मतं कुठल्या चिन्हावर पडतात हे त्याला तोंडपाठ होतं, आणि ते चिन्ह त्याच्या उमेदवाराचं नव्हतं. "त्यांचा बहिष्कार चालू राहू दे की," तो म्हणाला. "कुणाच्या तत्त्वात आपण कशाला पडा?"

राहिला प्रश्न भंडाऱ्याचा. हजारभर माणसांनी देवाची आण घेतलेली. पण ज्यानं आण घ्यायला लावली त्याच्याकडंच ती सोडवायची सोय असते. धुळानं बिरोबाच्या अंगावर फुलं डकवून कौल लावला. उजवं फूल पडलं तर सोड, डावं पडलं तर धर. गाभाऱ्यात अंधार होता. फूल बघणारा धुळा, आणि सांगणारा पण धुळाच. उजवं पडलं. देवानं आण सोडली. ढोल वाजला, आणि सगळं गाव शाळेच्या वाटेला लागलं.

ढोल ओढ्यापलीकडं समाजमंदिरात ऐकू आला. आप्पासाहेब उठून उभा राहिला.

"वाजला का न्हाई?" तो म्हणाला. "बहिष्कार तडीस गेला. सरकारला दणका बसला आज."

माणसांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शेंगांचा वाटा त्याच्यापुढं सरकवला. त्याच्या आयुष्यातली ती अर्ध्या तासाची कमाई, तेवढी तरी त्याच्या नावावर लिहून ठेवली पाहिजे.

कृष्णातला मात्र राहवेना. तो सायकल काढून चक्कर टाकून आला, आणि सायकल पडू देऊन आत शिरला.

"आप्पा, शाळंपुढं लाइन लागलीया."

"कसली?"

"मताची! नानासो पयला हुता, त्येच्या बोटाला शाई बघून आलोय. धुळा पुजारी मत टाकून भाईर आलाय. बाया, म्हातारी, सगळी. सगळ्या गावानं मत टाकलं!"

आप्पासाहेबाला आधी ते वाक्यच कळलं नाही. मग एकदम सगळी वस्ती उठली आणि धावली. बायका, चपला हातात घेतलेल्या म्हाताऱ्या, ज्याला जसं जमेल तसं. येसूबाईला कृष्णातनं सायकलच्या कॅरिअरवर बसवलं. ओढ्यातल्या वाळूत चाक रुतायला लागलं, तेव्हा ती उतरली आणि काठी टेकत चढ चढली.

फाटकावरच्या पोलिसानं काठी आडवी धरली. पाच वाजून गेले होते. "आत हायत त्येवढ्यांचंच हुईल. आता चिठ्ठी मिळत न्हाई."

व्हरांड्यात सांगलीकडचा कुणी मास्तर अधिकारी म्हणून आला होता. येसूबाईला बघून तो फाटकापर्यंत आला.

"आजी, वेळ संपली. आता नाही देता येत मत."

"घड्याळ कुणाचं हाय?"

"सरकारचं."

"मग मी बी सरकारचीच की. बावन सालापास्नं येती."

म्हातारीनं आपल्या डाव्या हाताचं बोट गजातून पुढं केलं. "मत ऱ्हाऊ दे. मत न्हाई तर न्हाई. शाई तरी लाव बाबा. आता ह्या बोटानं गावात कशी फिरू?"

मास्तरला ते करता येण्यासारखं नव्हतं. आत मेणबत्तीवर लाख वितळत होती, पेटीला सील लावायचं होतं. त्याला तिकडून हाक आली आणि तो सुटल्यासारखा आत गेला.

शाळेच्या कट्ट्यावर नानासो चारचौघांत बसला होता. आप्पासाहेब त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला.

"नानासो, शब्द दिला हुता तुमी."

"दिला हुता की. बहिष्कार झाला तर पयली खेप तुमच्या हिरीत, आसं म्हणलोतो. झाला का बहिष्कार?"

"आमी केला."

"तुमी केला. गावानं कुठं केला? आर्धा शब्द कसा पाळायचा, तुमीच सांगा."

"सोडला तर सांगायचं तरी!"

"सांगितलं की देवळात. आता तुमी देवळात येत न्हाई, त्येला मी काय करू?"

धुळा पुजारी वाईट माणूस नव्हता. तो मनापासून हळहळत म्हणाला, "तवाच म्हणलोतो रं आप्पा, भंडारा उचल. भंडारा आसता तर फुलानं सुटला आसता. तुज्या शब्दाला मी फूल कुठं डकवू?"

वस्तीची माणसं परत निघाली. ओढ्यात आल्यावर कृष्णात म्हणाला, "आप्पा, पलटणीत बी आसंच व्हायचं का वं? माघारीचा बिगूल वाजला, सगळी फौज घरला गेली, आन् आपलीच येक तुकडी बंदूक धरून हुबी?"

कुणीतरी हसलं. आप्पासाहेबही हसायला गेला, पण तोंड वेडंवाकडं झालं.

पुढचे दिवस वस्तीनं त्याला तोंडावर काही म्हटलं नाही. फक्त त्याच्या दारातून जाताना बायका रिकाम्या घागरी जरा जोरात आपटायच्या. जादा खेप खरंच सुरू झाली; ती सभामंडपाच्या कामासाठी देवळामागच्या हौदात पडू लागली. आप्पासाहेब आता सुनेला गावविहिरीवर जाऊ देत नव्हता, स्वतःच जायचा; बायकांच्या घोळक्यात एकटा पुरुष, पांढऱ्या मिशांचा, हातात दोर. त्याच्यासाठी कुणी वाट सोडत नव्हतं. सोडली असती तर त्यालाच जास्त लागलं असतं. दोन हंड्यांवर घर चालायचं. येसूबाई तर एक तांब्या दिवसभर पुरवायची आणि विचारलं की म्हणायची, मला तहानच लागत न्हाई.

मेच्या मध्यावर तो जतला गेला. टँकरचं काम बघणाऱ्या साहेबापुढं उभा राहून त्यानं वस्तीच्या विहिरीसाठी अर्ज दिला. साहेबानं अर्ज वाचला, वाईट वाटल्यासारखं केलं आणि सांगितलं, की ग्रामपंचायतीचा ठराव जोडून आणा. ठराव म्हणजे नानासो. आप्पासाहेब अर्ज घेऊन बाहेर आला, तेव्हा पाणी भरायच्या ठिकाणी वाजिदचा टँकर उभा होता. वाजिद कवठे महांकाळचा, तिशीतला, तोंडानं फटकळ. त्यानं म्हाताऱ्याला केबिनमध्ये घेतलं.

"काय म्हणलं सरकार?"

"ठराव आणा म्हणलं."

"आमच्या कवठ्यात बी ह्योच तमाशा. आप्पा, मी सात गावांना पाणी घालतो. सातीकडं आधी शिव्या, मग पाणी. लोकांना वाटतं पाणी मी अडवतो. आन् ज्यो अडवतो, त्येच्या गळ्यात हार!"

आप्पासाहेबाला बऱ्याच दिवसांनी कुणीतरी आपल्या बाजूनं बोलल्यासारखं वाटलं. गाडी गावविहिरीशी वळेपर्यंत तो थोडा हलकाही झाला होता.

विहिरीवर नेहमीची गर्दी होती, पण ती विहिरीकडं तोंड करून नव्हती. गोल करून उभी होती. मध्ये नीलिमा बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, आणि धुळाच्या बायकोनं आपला पदर तिच्या डोक्यावर उन्हासाठी धरला होता. सासरा जतला गेला, उशिरा येईल, घरात पायलला द्यायला घोट नाही, म्हणून ती हंडा घेऊन आली होती. तळाचा चिखल तरी येतो का बघायला तिनं दोर ओढला, आणि तशीच खाली बसली. लुगडं भिजलं होतं. ते पाण्यानं भिजलेलं नव्हतं.

"वाजिद, गाडी वळीव!" आप्पासाहेब ओरडला. "दवाखान्यात न्यायला पायजे."

बायकांनी नीलिमाला उचलून केबिनमध्ये बसवलं. त्यात धनगराच्या होत्या, वस्तीच्या होत्या. त्या वेळी कुणी कुणाकडं बघितलं नाही. पण वाजिदनं गाडी सुरू केली, तेव्हा चाकापुढची माणसं हलली नाहीत. त्यांच्या हातात घागरी होत्या, खांद्यावर दोर होते, आणि परवापासून त्यातल्या कित्येकांच्या घरात पाणी नव्हतं.

नानासो पुढं आला. आवाज अगदी समजुतीचा. "आप्पा, इचार कर. भरल्याली गाडी हाय, खालच्या वड्याचा चढ तिला सोसंल का? मधीच बसली तर? हितं रिकामी करू दे. हलकी हुईल, पळत जाईल. थोडा येळ लागंल. गावाला पाणी बी मिळंल, पोरगी बी येळंत पोचंल."

"चढती भरली तरी," वाजिद म्हणाला. "हळू चढंल, पण चढती."

नानासो त्याच्याकडं वळलाच नाही. "तुमी म्हणाल तसं, आप्पासाहेब."

सगळे आप्पासाहेबाकडं बघत होते. त्याची नजर गर्दीच्या मागच्या बाजूला गेली. तिथं नेहमीप्रमाणं वस्तीच्या बायका उभ्या होत्या. ओठ फाटलेले, कडेवर पोरं. याच बायकांना त्यानं समाजमंदिरात शेंगा फोडत बसवलं होतं. पण त्यांतलं कुणी म्हणत नव्हतं, की पाणी राहू दे, आधी नीलिमाला न्या. कृष्णातची बायकोही नाही. आज गाडी भरलेली परत गेली तर ह्यांना काय तोंड दाखवू, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात घुमत राहिला. शिवाय नानासोचं बोलणं रास्तही वाटत होतं. त्याचं बोलणं नेहमीच रास्त वाटायचं.

"ओत," आप्पासाहेब म्हणाला.

पाइप सुटला. पाणी खडकावर आदळायचा आवाज आला आणि दोर खाली गेले. धुळाच्या बायकोनं पहिली घागर भरून केबिनपाशी आणली, नीलिमाच्या तोंडाला लावली. नीलिमा पाणी प्यायली, सासऱ्याकडं बघून म्हणाली, "मामा, लवकर." एवढंच. टँकर काही केल्या संपत नव्हता. एरवी लगेच संपतो म्हणून गाव बोंब मारायचं, तो टँकर त्या दिवशी संपता संपेना.

निघाले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रिकामी गाडी ओढ्याचा चढ झपकन चढली खरी, पण पुढच्या खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्यावर ती मोकळ्या डब्यासारखी उडायला लागली. प्रत्येक आदळ्याला नीलिमाच्या तोंडून आवाज निघायचा. वाजिदनं वेग कमी केला, आणखी कमी केला. बैलगाडीच्या चालीनं टँकर सरकू लागला.

"रिकामी गाडी लय आदळती, आप्पा," तो समोर बघत म्हणाला. "भरल्याली संथ जाती. वजन धरून ठेवतंय."

त्याच्या मनात टोचायचं नव्हतं. गाडीबद्दल ड्रायव्हर बोलतो तसं तो बोलला. आप्पासाहेबानं सुनेचं डोकं आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवलं, आणि दवाखाना येईपर्यंत तो त्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आपल्या अंगावर घ्यायला बघत होता. तसं घेता येत नाही.

मुलगा होता. रडला नाही.

कुपवाडहून महेंद्र आला. बापाशी एक शब्द बोलला नाही. उंब्रजहून प्रबुद्ध आला. नीलिमाला उठता येऊ लागलं तसं तो तिला आणि पायलला घेऊन गेला. या वेळी पिशवी त्यानंच भरली. पुढं महेंद्रनं कुपवाडलाच खोली घेतली, आणि माळकोंडीला येणं हळूहळू सोडलं.

आठवड्याच्या आत ग्रामपंचायतीचा ठराव झाला. एक खेप वस्तीच्या विहिरीत पडू लागली. कुणी म्हणालं, नानासोला लाज वाटली. कुणी म्हणालं, पुढं पंचायतीची निवडणूक येतेय. दोन्ही खरं असेल. माणसाच्या पोटात दोन्ही एका वेळी राहू शकतं. वस्तीच्या बायकांनी दारात पाणी ओढलं, घागरी धुऊन भरल्या. आप्पासाहेबाच्या घरी आता माणसं दोनच होती, त्यांना एक हंडा पुरायचा. दुसरा पालथा पडून असायचा.

आता कुणाचं काय गेलं, ते बघू. उमेदवाराचं काही गेलं नाही. सभामंडपाचं अर्धं काम झालं, आणि योजनेचा नारळ पुढच्या खेपेला राखून ठेवता आला. नानासोचं काही गेलं नाही, त्यानं आपला शब्दही शेवटी पाळला, उशिरा का होईना. देवाचं एक फूल गेलं. वाजिदनं गाडी वेळेवर परत नेली नाही म्हणून त्याला त्या खेपेवरून काढलं, तो दुसरीकडं लागला. येसूबाईचं एक मत गेलं; पुढची निवडणूक दीड-दोन वर्षांत आली, पण म्हातारी तेवढी थांबली नाही. आप्पासाहेबाचं घर गेलं, तरी त्यानं निदान स्वतःच्या तोंडानं शब्द दिला होता, आणि विहिरीवर स्वतःच्याच तोंडानं ओत म्हणाला होता. सगळ्यात जास्त भरलं ते नीलिमानं. तिनं भंडारा उचलला नव्हता, शब्द दिला नव्हता. तिला तर कुणी काही विचारलंच नव्हतं.